रिकाम्या कबरीचा पुरावा

"मेला शुक्रवारी, उठला रविवारी, आन कंबर कुणाची मोडायची? आमची. शनिवारी."

जीवनराव निशिगंधाच्या सरीत वाकून दांडे कापत होते आणि पुटपुटत होते. कुणाला ऐकवायला नव्हे. पण दीपमाला शेजारच्याच सरीत होती, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याचं पुटपुटणं बायकोला माईकवरून सोडल्यासारखं ऐकू येतं.

"हळू बोला. मास्तर येतील इतक्यात."

"येऊ दे. तोंडावर सांगतो. दरसाल सांगतोच की."

ते मात्र खरं होतं. मखमलाबादच्या या मळ्यातून ईस्टरच्या आदल्या दिवशी शरणपूरकडच्या चर्चमध्ये पांढरी फुलं जायची, ती जीवनरावांच्या वडलांपासून. फुलांबरोबर 'येशू झालाच नाही' हे भाषणही जायचं, ते जीवनरावांपासून. निशिगंधाच्या जुडीवर एक शंका फुकट.

जीवनराव नास्तिक होते. आधी ते सगळ्याच देवांच्या बाबतीत नास्तिक होते, पण त्यात अडचणी फार. गावातल्या देवाबद्दल बोललं की पारावर तोंडं फिरायची. घरच्या देवाबद्दल बोललं की दीपमाला भाजीत मीठ घालायला विसरायची, आणि नेमकी त्याच दिवशी विसरायची. येशूबद्दल बोललं तर रागवायला सगळ्या मखमलाबादेत कुणी नव्हतं. एक शमुवेल मास्तर होते, तेही वर्षातून एकदा येणारे आणि चहा पीत हसणारे. त्यामुळे जीवनरावांचा सगळा नास्तिकपणा हळूहळू येशूच्या वाट्याला आला. दुपारी जेवण झालं की ते मोबाईलवर कुठल्या कुठल्या गोऱ्या प्राध्यापकांची भाषणं लावायचे, खाली हिंदी अक्षरं पळायची, आणि गोठ्यातल्या म्हशीसकट सगळ्यांना योसेफस हा त्या काळचा यहुदी इतिहासकार होता हे पाठ झालं होतं.

गोठ्याच्या पुढच्या पत्र्याखाली प्रतिभा जुड्या बांधत बसली होती. ती त्यांची सून. तिच्यासमोर बाजेवर तिचा भाऊ महेश, विंचूरहून सकाळीच आलेला. विंचूरला वाईनच्या कारखान्यात तो कामाला होता. आल्यापासून दोनदा चहा झाला, पोहे झाले, कांद्याच्या भावावर बोलून झालं, उन्हाळ्यावर बोलून झालं, आणि ज्यासाठी तो आला होता ते अजून त्याच्या घशातच होतं. दीपमालाला ते काय आहे हे माहीत होतं. प्रतिभाला माहीत होतं. जीवनरावांनाही माहीत होतं, म्हणून तर ते भर उन्हात सरीतून बाहेर येत नव्हते.

हर्षल त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन पावसाळ्यांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, झेंडूचे क्रेट भरून तो पहाटेच पिकअप घेऊन सुरतेला निघाला. सुरगाण्याच्या पुढं, घाटाच्या खाली, एका बुटक्या फरशीपुलावरून पाणी चाललं होतं. पाण्याचा अंदाज चुकला. पिकअप खाली बऱ्याच अंतरावर एका उंबराला अडकलेली सापडली. दोन्ही काठांच्या झाडाझुडपांना झेंडू अडकले होते, जणू कुणी लग्नघर सजवलंय. हर्षल तेवढा सापडला नाही. पोलिसांनी, गावकऱ्यांनी, पाणबुड्यांनी शोधलं. गुजरातेतल्या गावांपर्यंत नदीकाठानं माणसं फिरली.

आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं.

त्या उघड्या दारावर हे घर तेव्हापासून उभं होतं. दार उघडं, म्हणजे तो उतरला. उतरला, म्हणजे काठाला लागला. डोक्याला मार बसला असेल, आठवत नसेल, कुणीतरी ठेवून घेतलं असेल. जीवनरावांनी हे पहिल्या आठवड्यात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान हलवली. बापाचं काळीज आहे, म्हणाले. नंतर मान हलवायची सवय लागली. पुढं तर घरात हर्षलचं नाव निघालं की जो तो वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला उठायचा. मळ्यातली कामं त्या दोन वर्षांत फार वेळेवर झाली.

सगळ्यात पंचाईत प्रतिभाची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी तिच्यापुढं यायच्या आणि करंड्यात बुडवलेलं बोट हवेत थांबायचं. लावावं की न लावावं? एकीनं तर बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि पुढं सरकली. प्रतिभा घरी येऊन हसत हसत सांगत होती. दीपमालाही हसली होती. मग दोघी एकमेकींकडे पाठ करून भांडी घासत बसल्या, घासलेली सुद्धा.

टेम्पोरिक्षा बांधावर थांबली आणि शमुवेल मास्तर उतरले. शमुवेल गायकवाड, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. चर्चमधली फुलांची सजावट त्यांच्याकडे. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल.

"काय जीवनराव, यंदा तरी झाला का आमचा येशू?"

जीवनराव लगेच सरीतून बाहेर आले. महेशला सकाळपासून जे जमलं नव्हतं ते मास्तरांनी एका वाक्यात केलं. दीपमालाही मागोमाग आली आणि सगळ्यांना चहा दिला.

"बसा मास्तर. तुमच्या येशूनं पाण्याची वाईन केली. बरोबर?"

"बरोबर."

"विंचूरला त्याला द्राक्षं लागतात. विचारा या महेशला. वादळ थांबवलं, आंधळ्याला डोळे दिले, पाण्यावरून चालला. आन तवाच्या एका रोमन कारकुनानं एक ओळ लिहू नये? आमच्याकडं पाटाला पाणी सोडलं तरी रजिस्टरला नोंद होते."

"ते रजिस्टर बघून पाणी आल्याचं तुम्हाला कधी कळलंय का?"

प्रतिभा खुदकन हसली. जीवनरावांनी दुर्लक्ष केलं.

"योसेफस सांगू नका. त्यात मागनं घुसडलंय. तुमचेच पंडित म्हणतात."

"थोडं घुसडलंय," मास्तर रुमालानं मान पुसत म्हणाले. "सगळंच घुसडलंय असं फार थोडे म्हणतात. सातबाऱ्यावर कुणी मागाहून नाव चढवलं, म्हणून शेतच नव्हतं असं होत नाही. आणि त्यानं दुसऱ्या एका जागी येशूच्या भावाचं नाव घेतलंय, याकोबाचं. धर्मप्रचारक पौल तर त्या भावाला समक्ष भेटला. जो माणूस झालाच नाही, त्याला भाऊ कुठून आला?"

जीवनरावांनी चहाचा घोट घेतला. हे उत्तर त्यांनी वर्षभर मनात घोळवलं असावं.

"बरं. धरून चालू. एक माणूस होता. गावोगाव फिरून बोलायचा, लोकांना आवडायचा, सरकारला आवडला नाही, चढवला क्रुसावर. इथवर मान्य."

"वहिनी, साखर आणा," मास्तर म्हणाले. "मागच्या साली जन्मला नव्हता. यंदा एकदम मेलासुद्धा. आमची प्रगती आहे."

दीपमालाला मास्तर आवडायचे ते यासाठी. त्यांचा देव चेष्टेनं मोडत नव्हता. तिच्या नवऱ्याचं देव नसणं मात्र जरा धक्का लागला की तडकायचं.

"पण पुढं काय?" जीवनराव पुढं सरसावले. हा त्यांचा आवडता भाग. "येशूची गोष्ट लिहिणाऱ्यांत सगळ्यात जुना कोण? मार्क. तोही चाळीसेक वर्षांनी लिहिणारा. त्याच्या जुन्या प्रतींत शेवट काय हाय? बाया सकाळी कबरीवर गेल्या. तोंडावरची धोंड लोटलेली. आत मढं नाय. एक पोरगा पांढऱ्या कपड्यात बसलेला, तो म्हणतो, उठला तो, जा सांगा. आन बाया घाबरून पळाल्या, कुणाला काय बोलल्या नाय. खलास! गोष्ट संपली. पुढचं समदं मागनं जोडलेलं. आता मला सांगा मास्तर, बाया कुणालाच बोलल्या नाय, तर मार्काला कुणी सांगितलं?"

मास्तर हसले. महेशही हसला, कारण हसणं बोलण्यापेक्षा सोपं होतं.

दीपमालाला हा विनोद दरवर्षी ऐकून त्यातलं एवढंच खरं वाटायचं, की त्या बायका बोलल्या नसतील. घरी जाऊन चूल पेटवली असेल. घरातल्या पुरुषांनी विचारलं असेल, काय गं, जाऊन आलात का? आणि त्यांनी म्हटलं असेल, हो, आलो. बोललं की जे झालंय ते झालं असं ठरतं, आणि जी बोलते तिच्या माथी ते बसतं. ती स्वतः दोन वर्षं बोलली नव्हती. मार्काला कसं कळलं म्हणे! बाईच्या तोंडाकडे बघून कळतं. फक्त बघावं लागतं.

"शेवट मागाहून जोडला, हे आमच्या पोथ्यांतच खाली बारीक अक्षरांत छापलंय," मास्तर म्हणाले. "लपवलेलं नाही काही. पण नंतर लोकांना तो दिसला. एकदोघांना नाही, पुष्कळांना. पौल तर म्हणतो..."

"दिसला!" जीवनरावांनी मांडीवर थाप मारली. "कसा दिसला ते बी सांगा की. ती मरिया, आई नव्हं, शिष्या, इतकी जवळची बाई, तिला कोण वाटला? माळी! बागेतला माळी! म्हणजे आमच्यातलाच कुणी दांडे कापत उभा असंल. रस्त्यानं दोघं जण कोसभर त्याच्यासंगं चालत गेले, बोलत गेले, त्यांनी बी वळखला नाय. का वळखला नाय? साधी गोष्ट हाय. कारण तो दुसराच कुणीतरी होता. माणूस रडून रडून दमला ना मास्तर, की त्याला वाटेवरचा कुणीबी आपलाच दिसतो."

बोलून झालं. मास्तरांनी कप खाली ठेवला. प्रतिभानं जुडीला दोऱ्याचे नको तेवढे वेढे घातले.

कारण सुरगाण्याच्या जीपस्टँडवर सगळे जीपवाले जीवनरावांना ओळखत होते. पहिल्यांदा एका जीपवाल्यानं सांगितलं, वासद्याकडं एका टपरीवर तुमच्या पोरासारखा एक पोरगा हाय. त्यानं स्वतः पाहिला नव्हता, त्याच्या साडूनं पाहिला होता. जीवनराव गेले. पोरगा हर्षलहून दहा वर्षांनी मोठा निघाला आणि त्याला त्याची आई होती. दुसऱ्यांदा लासलगावच्या मार्केटात कुणा हमालानं एकाला पाठमोरा पाहिला, चाल तीच. जीवनराव गेले. तोवर ती चाल ट्रकमध्ये बसून नागपूरला गेली होती. तिसऱ्यांदा एक साधू. दाढी होती, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता, पण डोळे तेच. त्या साधूला जीवनराव, नास्तिक जीवनराव, हात जोडून म्हणाले होते, महाराज, जरा दाढी बाजूला करा. हे दीपमालाला बरोबर गेलेल्या पुतण्यानं सांगितलं. जीवनराव घरी येऊन एवढंच म्हणाले, की नव्हता तो, पण माहिती पक्की होती.

दोन हजार वर्षांपूर्वी कोण कुणाला दिसलं याचा पुरावा मागणारा माणूस साडूनं पाहिलेल्या पोरासाठी पेट्रोल जाळत होता. दीपमालाला याचं कधी हसू यायचं. पण हसू पुरं येईपर्यंत त्याचं रडू व्हायचं, म्हणून ती हसायचं टाळायची.

महेशला वाटलं असावं, आता नाही तर कधीच नाही.

"मामा, मी ज्यासाठी आलो होतो..."

"दांडे उन्हानं मान टाकतील," जीवनराव उठले.

"मामा, बसा. आज ऐकाच."

ते बसले. महेशनं जमिनीकडे बघतच सांगायला सुरुवात केली. आमच्या कारखान्यातच एक मुलगा आहे. निर्व्यसनी आहे. त्याला ताईबद्दल सगळं ठाऊक आहे, तयार आहे. घरचे पण तयार आहेत. त्यांचं एकच म्हणणं, की आधी काय ते एक होऊ द्या. "त्याची आई म्हणती, पोरीला नवरा हाय का नाय, तेवढं एकदा सांगा, मग बाकीचं बघू. वाईट बाई नाय ती, मामा. पण तिला बी चार लोकांत सांगावं लागंल ना."

"मग?"

"मी रामकुंडावर गुरुजींना भेटलो. ज्यांचा देह मिळत नाय, त्यांच्यासाठी विधी असतो. पळसाची पानं आन दर्भ घेऊन पुतळा करतात. त्याला अग्नी द्यायचा. मग दहावं, तेरावं, समदं रीतसर. बापानं द्यावा लागंल अग्नी."

जीवनरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना पळायला वाट सापडली होती.

"आरं, मी असलं मानतच नाय. आयुष्यभर नाय मानलं. गवताची बाहुली जाळायची आन तिला माणूस म्हणायचं? या मास्तरांना मी चर्चात भाकरीला येशूचं शरीर म्हणतात म्हणून हसतो, आन स्वतः जाऊन पेंढीला पोरगा म्हणू?"

"तुम्ही मानू नका. नुसतं करा."

"आन तो आला परत तर?"

हे ते हळू बोलले. महेश गडबडला, मग म्हणाला, "मी विचारलं गुरुजींना. त्याचा बी विधी हाय. माणूस परत आला तर त्याचं बारसं करतात, मुंज करतात, पुन्हा लग्न लावतात. नव्यानं जन्माला घालतात त्याला."

"घ्या!" जीवनराव मास्तरांकडे वळले. हसायचा प्रयत्न केला, ओठ हलले तेवढे. "तुमच्याकडं एकच उठला. आमच्याकडं उठणाऱ्यासाठी दक्षिणेसकट सोय हाय." मग महेशकडे बघून: "काय करायचं नाय. कशाला करायचं? दार उघडं होतं, महेश. तू होतास ना तिथं? पाहिलंस ना? पाण्यानं दार उघडत नाय. पाणी दार दाबून धरतं. दार आतनं उघडलं होतं. म्हंजी तो उतरला."

"जीवनराव," मास्तर म्हणाले, "धोंड पण बाजूलाच होती, तरी तुम्ही..."

आणि थांबले. दीपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पुढचं सगळं वाक्य उभं होतं. रिकाम्या कबरीवर दरवर्षी याच बाजेवर बसून ऐकलेली सगळी भाषणं, आता एका फुंकरीनं परत करता आली असती. असा मोका वाद घालणाऱ्याला आयुष्यात एकदा मिळतो. मास्तरांनी तो रुमालासारखा घडी घालून खिशात ठेवला.

"धोंडीचं काय? बोला की."

"काही नाही. जुड्या बादलीत ठेवल्यात ना, विचारत होतो. ऊन फार आहे."

म्हणजे मास्तरसुद्धा पळाले. मेलेला उठतो यावर ज्यांचा विश्वास, त्यांनाही इथं मेलेला मेला म्हणायचं धाडस झालं नाही. दीपमालाला त्यांचा राग आला, आणि तिला कळलं की हा राग मास्तरांवरचा नाही.

प्रतिभा उठली. मांडीवरची पानं झटकली. तिच्या बोटांना निशिगंधाचा चीक लागला होता, ती तो पदराला पुसत राहिली.

"दादा, मला लग्नाची घाई नाही," ती सासऱ्यांना म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाल तर महेश आत्ता परत जाईल. मी कायम इथं राहीन, तुमचं दोघांचं करीन. पण मला कुणी विचारलं, तुझे मिस्टर कुठं असतात, तर काय सांगू? तेवढं सांगा. परवा बँकेत विचारलं. मी नुसती उभी राहिले."

"सांगायचं, बाहेरगावी गेलाय."

"कधी येणार विचारलं तर?"

जीवनरावांनी विळा उचलला, धारेवरून अंगठा फिरवला, परत ठेवला. ज्या माणसाला रोमन साम्राज्याच्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ, त्याला बँकेतल्या कारकुनाचा प्रश्न अडला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. दोन वर्षं असंच चाललं होतं. कुणी कोपऱ्यात गाठलं की ते दीपमालाकडे बघायचे, आणि ती म्हणायची, येईल. एवढा एकच शब्द. कधी शेगडीकडे बघत, कधी शिवणाकडे बघत. तो शब्द ऐकून ते जेवायचे, झोपायचे, दुसऱ्या दिवशी उठून झेंडूला पाणी द्यायचे. तिला वाटायचं, हा शब्द काढून घेतला तर हा माणूस कशावर उभा राहील? आणि त्या शब्दावर तिचा नवरा उभा राहायचा, तेव्हा खाली कोण दबलंय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. बोटांना चीक लागलेली ही पोरगी तिच्यासमोरच उभी होती. अठ्ठाविसावं लागलं होतं तिला.

"अगं, तू सांग हिला," जीवनराव म्हणाले.

दीपमालानं बादलीतली एक जुडी उचलली, पाणी निथळू दिलं, परत ठेवली.

"सांग की. तू आई हायेस. आईला आतनं कळतं."

"कळतं," ती म्हणाली.

"मग?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. या खेपेला शेगडीकडे नाही, शिवणाकडे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या त्या चेहऱ्यावर वाद जिंकायला निघालेल्या पोराची उमेद होती, आणि त्या उमेदीमागं लपलेलं भय इतकं उघडं होतं, की तिला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. तिनं तो फिरवला. सुनेच्या भावासमोर, मास्तरांसमोर, टेम्पोरिक्षावाल्यासमोर.

"दार कसं उघडलं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आपला हर्षल वारला, अहो. त्याच सकाळी वारला."